ठिपके जागेवरच होते

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, या सभागृहातल्या प्रत्येक गिटारवर ज्यांच्या दुकानातल्या तारा चढलेल्या आहेत ते आपले तारवाले काका. प्रमुख पाहुण्या, वर्गाचं प्रत्येक पान ज्यांच्या यंत्रातून बाहेर पडलं त्या झेरॉक्सच्या ताई. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आदरणीय बाई. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली धाकटी. समोरचे आजी-माजी विद्यार्थी, पालक, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागच्या दाराशी ताटकळत उभे असलेले सर्व जण, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख 'बाईंची मोठी मुलगी' अशी करून दिली. एक दुरुस्ती करते. मी बाईंची एकुलती एक मुलगी आहे. मोठी कशी झाले, ते ओघात येईल.

दुसरा खुलासा 'बाई' या शब्दाचा. स्वतःच्या आईला मी बाई का म्हणते, असं नव्या पालकांना वाटत असेल. आमचा वर्ग आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भरतो. स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्यामध्ये एक दार आहे. दाराच्या आत ती आई, दाराच्या बाहेर बाई. हा नियम तिनेच केला, मी शाळेत असताना. वर्गात सगळी मुलं सारखी, म्हणाली. तेव्हापासून वर्गाच्या वेळेत मला काही हवं असलं, तर मी दाराबाहेर येऊन 'बाई, तुम्ही गॅस बंद केला का?' असं विचारत आले आहे. हे सभागृह दाराच्या बाहेर आहे. तेव्हा बाई.

माझ्या आधी बोललेल्या सर्वांनी बाईंच्या शिकवण्याबद्दल सांगितलं. धाकटीच्या वाजवण्याबद्दलही सांगितलं, जरा जास्तच सांगितलं, पण ठीक आहे, तिचाही आज निरोपच आहे. मी या दोन्ही विषयांवर बोलण्यास अपात्र आहे, कारण मला गिटार येत नाही. बाईंनी प्रयत्न केला. माझी बोटं बरोबर जागी जातात, पण गाणं पुढे निघून गेल्यावर. 'तुझं सगळं अचूक असतं गं, पण उशिरा,' असं त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातून गिटार काढून घेऊन माझ्यासमोर कॉम्प्युटर ठेवला. मी दुखावले वगैरे नाही. मला काम मिळालं. हे काम फक्त माझं होतं, आणि ते कशाचं होतं हे मला आज सांगायचं आहे, कारण आजवर ते कुणी विचारलेलं नाही.

तुम्हा सगळ्यांकडे वर्गाची पानं आहेत. गाण्याचे शब्द, आणि शब्दांच्या डोक्यावर छोट्या जाळ्या. उभ्या सहा रेघा म्हणजे सहा तारा, आडव्या रेघा म्हणजे गळ्यावरचे धातूचे पडदे, वरची जाड रेघ म्हणजे गिटारच्या गळ्याची सुरुवात. काळा ठिपका असेल तिथे बोट ठेवायचं. जाड रेघेच्या वर पोकळ गोल असेल, तर ती तार मोकळी वाजवायची. फुली असेल, तर वाजवायची नाही. अशा एका जाळीतले सूर एकदम छेडले की झाला एक कॉर्ड. तो काय आहे हे तुम्हाला कानाने कळतं. मला या जाळीनेच कळतं.

या जाळ्या मी वर्ड प्रोसेसरमध्ये केल्या. मी विजेच्या पॅनेलचे नकाशे काढणारी बाई आहे, माझ्याकडे ऑफिसात त्याहून चांगली साधनं आहेत. पण बाईंची अट होती की पान त्यांना स्वतःला उघडता आलं पाहिजे. त्यांना गाण्याचा एखादा शब्द बदलायची सवय आहे, आणि त्यांना तो एकच प्रोग्राम येतो. म्हणून पत्र टाइप करायच्या प्रोग्राममध्ये मी गिटार काढली.

हे वाटतं तितकं सोपं नाही. तक्ता घालायचा म्हटलं की पहिल्यांदा प्रत्येक जण सहा रकाने घालतो, कारण तारा सहा. मग लक्षात येतं की तारा म्हणजे रकाने नव्हेत, रकान्यांमधल्या रेघा. सहा रेघांना पाच रकाने लागतात. आणि खरी अडचण त्यानंतर सुरू होते. प्रोग्राम तुम्हाला चौकोनाच्या आत लिहू देतो. रेघेवर लिहू देत नाही. म्हणजे ठिपका दोन तारांच्या मध्ये पडतो, आणि दोन तारांच्या मध्ये बोट ठेवून काही वाजत नाही.

मी यावर उपाय काढला. ठिपका टाइप न करता काढायचा: एक छोटा भरीव गोल, जो पानावर तरंगत राहतो, आणि तो माउसने उचलून बरोबर तारेवर नेऊन सोडायचा. एकेक ठिपका मी असा बसवला आहे. पान मोठं करून, बाणाच्या कळीने केसाएवढं सरकवून. बाई शेजारी येऊन उभ्या राहायच्या, कानातले डूल काढत म्हणायच्या, 'वाजवायला लागेल असं दिसतंय.' त्यांच्याकडून मिळालेली ही सर्वात मोठी दाद. मी ती जपून ठेवली आहे. गिटारच्या बाबतीत त्यांना माझ्याबद्दल बोलण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

अशी काही वर्षं बरी गेली. मग धाकटी आली.

तेव्हा तिचं हे नाव नव्हतं. ती चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची आणि दुकान सुटल्यावर उसनी गिटार घेऊन यायची. दुसऱ्या का तिसऱ्या वर्गाला, बाई तिच्या अंगठ्याची जागा नीट करत असताना ती म्हणाली, 'आई, असं?' जीभ घसरली. अशी जीभ वर्गात पुष्कळांची घसरते. लहान मुलांची तर रोज. बाई प्रत्येकाला सांगतात, 'आई घरी, इथे बाई.' मी दाराशी कप घेऊन उभी होते आणि त्या आता सांगतील म्हणून वाट बघत होते. त्या म्हणाल्या, 'हो, असंच.'

बस, एवढंच झालं. तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण जो नियम माझ्यासाठी केला होता तो त्या दिवशी फक्त मलाच लागू राहिला. पुढे त्या तिला धाकटी म्हणू लागल्या, वर्ग तिला धाकटी म्हणू लागला, आणि धाकटी म्हटली की कुणीतरी थोरली लागतेच. मला कुणी विचारलं नाही.

धाकटी, तू आता खाली बघू नकोस. तुझं कौतुकच चाललंय.

आता वार्षिक कार्यक्रमाची गोष्ट सांगते, कारण ती आजवर चुकीची सांगितली गेली आहे. आज चहाच्या वेळीही दोघांनी ती चुकीची सांगितली. याच सभागृहात, कार्यक्रमाच्या दिवशी शेवटची तालीम होती. नवी पानं वाटली होती. मुलांनी पहिला कॉर्ड छेडला आणि असा आवाज आला की मागे फुलं लावणाऱ्या माणसाने शिडी धरली. बाईंना वाटलं गिटारी उतरल्या आहेत. त्यांनी काकांना बोलावलं. काका आले, आणि सगळ्या गिटारी एकेक करून सुरात लावल्या. पुन्हा छेडलं. पुन्हा तेच. काका म्हणाले, 'बाई, माझ्या तारांना काही झालेलं नाही. तुमच्या पोरांना काय झालंय ते बघा.' काका, तुम्ही हे म्हणालात, मी तिथेच होते.

तेव्हा धाकटीने पान हातात घेतलं आणि म्हणाली, 'आई, ठिपके वर सरकलेत.'

झालं होतं असं. आदल्या दिवशी बाईंनी पानावर सर्वात वर एक ओळ वाढवली होती: 'पालकांचे हार्दिक स्वागत'. ओळ वाढली तसा खालचा तक्ता एक ओळ खाली गेला. ठिपके तरंगते होते, पानाला बांधलेले. ते जागेवरच राहिले. त्यामुळे दुसऱ्या पडद्यावरचे ठिपके पहिल्यावर दिसू लागले, आणि पहिल्या पडद्यावरचे जाड रेघेच्या वर गेले, मोकळ्या तारांच्या रांगेत. मुलं गुणी आहेत. पानावर होतं तसं त्यांनी वाजवलं.

मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. ठिपके सरकले नव्हते. ठिपके जागेवरच होते. तक्ता खाली सरकला होता. बाई मला म्हणाल्या, 'बरं बाई, तक्ता तर तक्ता. पण आता वाजवायचं काय?' सगळे हसले. मग धाकटी समोर उभी राहिली, मुलांना म्हणाली पानं खाली ठेवा, माझ्या हाताकडे बघा. कार्यक्रम उत्तम झाला. फोटोत बाईंचा हात तिच्या खांद्यावर आहे. मी फोटोत नाही, कारण मी पानं गोळा करत होते.

त्या रविवारी ती आमच्या स्वयंपाकघरात आली. दाराच्या आत. मी टेबलाशी बसून ठिपके पुन्हा बसवत होते. ती मागे उभी राहून बघत राहिली. मला कुणी मागे उभं राहिलेलं चालत नाही, हे माझ्या ऑफिसातल्या शिपायालाही माहीत आहे. थोड्या वेळाने म्हणाली, 'ताई, दोन चौकोन एक करता येतात ना?'

म्हटलं, येतात. मग?

'मग कडेच्या तारांबाहेरही थोडी जागा ठेवून प्रत्येक रकाना मधून कापायचा, कापाची रेघ दिसू द्यायची नाही. आणि जिथे ठिपका हवा, तिथे तारेच्या दोन्ही बाजूंचे अर्धे अर्धे चौकोन एक करून टाकायचे. मधोमध ठिपका लिहिला की आपोआप तारेवर बसेल. मग तरंगणार नाही, तक्त्याबरोबरच जाईल.'

मी म्हटलं, पण चौकोन एक केले की मधली रेघ पुसली जाते. तिथे तारच राहणार नाही.

ती म्हणाली, 'बोट ठेवल्यावर खरी तार तरी कुठे दिसते?'

मी हे उत्तर दुसऱ्या कुणा तंत्रज्ञाकडून ऐकलं असतं तर वाहवा म्हटलं असतं. मी म्हटलं, बघते. आणि पाणी प्यायला उठले. माझ्या पोटात दुखलं, असं साध्या मराठीत सांगते. वाजवणं तिचं होतं, ते मी दिलं होतं. 'आई' या हाकेवरून मी काही बोलले नव्हते. पण हे चौकोन माझे होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी पहिलं काम काय केलं असेल? ही युक्ती तिने कुठून उचलली आहे का, ते इंटरनेटवर शोधलं. मिळाली. जगात अनेकांना ती आधीच सुचली होती. तिने काही नवीन शोधलेलं नाही याचा मला दुपारपर्यंत फार आनंद झाला. मग जेवताना लक्षात आलं की इतक्या लोकांना सुचलेली गोष्ट मला सुचली नव्हती. डबा तसाच परत नेला.

सगळी पानं मी त्या पद्धतीने नव्याने केली. तुमच्याकडे आज आहेत ती तीच. एकच बोट आडवं टेकवून सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड असला की अख्खी ओळ एक करायची आणि लांब पट्टी भरायची. फार सुरेख दिसतं. त्यांतली एकही जाळी आजवर हललेली नाही, आणि झेरॉक्सच्या ताई म्हणाल्या, 'आता कशी छापील वाटतात.' मी त्यांना पद्धत कुणाची ते सांगितलं नाही. आज सांगितलं. नोंद व्हावी.

आता आजच्या निमित्ताकडे येते. धाकटीला दुसऱ्या गावी एक चांगली जागा मिळाली आहे, तिथे ती वर्ग सुरू करते आहे, आणि तो वर्ग बसेपर्यंत बाई तिच्याबरोबर राहणार आहेत. वर्ष, दोन वर्षं, वर्ग कधी बसतो त्यावर. इथला वर्ग बंद. हे तुम्हाला निमंत्रणावरून कळलं. मला झेरॉक्सच्या दुकानात कळलं. मी पानं घ्यायला गेले होते. ताईंनी गठ्ठा बांधता बांधता विचारलं, 'मग तू एकटीच राहणार का गं एवढ्या घरात?' मी म्हटलं, हो, ऑफिस इथेच आहे ना. जणू मला सगळं माहीत होतं. ताई, तुम्हाला तेव्हा काही कळलं नाही ना? मला वाटलंच. मी चेहरा सांभाळण्यात बरी आहे.

घरी जाऊन विचारलं. बाई कणीक मळत होत्या, म्हणजे तेव्हा आई होती. 'सांगणारच होते,' म्हणाली. मी म्हटलं, कधी? म्हणाली, 'तुझा चेहरा आत्ता असा होणार हे ठाऊक होतं, म्हणून राहिलं.' मग म्हणाली, 'तिला गरज आहे गं. तुला काय, तुला सगळं येतं.'

समोर बसलेल्या पालकांना एक सांगते. ज्या मुलाला सगळं येतं त्याच्याशी जरा जपून वागा.

त्यापुढचं वाक्य असं होतं: 'तेवढं जाण्याआधी मला ते ठिपक्यांचं शिकव. म्हणजे तिथून तुला सारखा त्रास नको.'

इतकी वर्षं दर आठवड्याला ती कुठल्यातरी कागदाच्या कपट्यावर, कधी बिलाच्या पाठीवर, पेन्सिलीने सहा रेघा ओढून माझ्या ताटाशेजारी ठेवत आली. 'हे जरा करून दे.' यालाच ती त्रास म्हणत होती, हे मला त्या दिवशी समजलं.

मी शिकवलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. तुम्ही सगळे तिचे विद्यार्थी आहात. ती कशी विद्यार्थिनी आहे हे फक्त मी पाहिलं आहे. तिच्या डाव्या हाताची बोटं तारांनी इतकी टणक झाली आहेत की कळ दाबली गेली की नाही हे तिला कळत नाही, त्यामुळे एका जागी तीन अक्षरं उमटतात. म्हणून उजव्या हाताने, एका बोटाने. मी शेजारी बसून होते आणि मनापासून इच्छा करत होते की हिला हे जमू नये. रकाने कापले. चौकोन एक केले. ठिपका लिहिला, मधोमध आणला. मग मागे रेलून चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, 'वाजवायला लागेल असं दिसतंय?'

पहिल्याच खेपेला अचूक. एकही ठिपका चुकला नव्हता. मी म्हटलं, छान.

तेव्हा आता भेटीबद्दल. कार्यक्रमपत्रिकेत पुढचा विषय 'मुलीकडून भेट' असा आहे. काका, ती समोरची छोटी डबी. तिच्यात एक पेन ड्राइव्ह आहे, आणि त्यात आपल्या वर्गाची सगळी गाणी, सगळ्या जाळ्या, एका फाइलमध्ये. धाकटीच्या नव्या वर्गासाठी. तिच्या पद्धतीने केलेली, माझ्या हाताने केलेली. कृपया ती बाईंच्या हातात द्या. धाकटीच्या नको. बाईंच्या.

टाळ्या जरा थांबवा. एक तांत्रिक सूचना राहिली.

या फाइलला मी कुलूप घातलं आहे. गाण्याचे शब्द बदलता येतील, वर स्वागताची ओळ घालता येईल, हव्या तितक्या प्रती छापता येतील. पण जाळ्यांना हात लावता येणार नाही. नवा कॉर्ड त्यात भरता येणार नाही. त्याला पासवर्ड लागतो आणि तो मी सांगणार नाही. नवा कॉर्ड लागला तर मला फोन करायचा, कोणत्या तारेवर कोणतं बोट ते तोंडी सांगायचं, मी करून पाठवीन. त्याच दिवशी.

धाकटी हसते आहे, कारण तिला माहीत आहे की या कुलपाला काही अर्थ नाही. कोरी फाइल उघडायची, रकाने कापायचे, चौकोन एक करायचे. पद्धत तिचीच आहे, आणि बाईंना ती मीच शिकवली आहे. त्यांना माझ्या फोनची गरज नाही. हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. तरी कुलूप घातलं आहे. पुढचं त्यांनी ठरवायचं.

शेवटी, मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल आयोजकांची आणि अध्यक्षांची मी आभारी आहे. सभागृह ज्यांनी उघडून दिलं, खुर्च्या ज्यांनी मांडल्या, आणि ज्यांना त्या मिळाल्या नाहीत, त्यांचेही आभार. धाकटी, तुझ्या वर्गाला माझ्या शुभेच्छा आहेत. त्या मोजून मापून दिलेल्या आहेत, पण खऱ्या आहेत. हिला रात्रीचं दही देऊ नकोस, घसा धरतो. आणि ती विचारल्याशिवाय गोळी घेत नाही, तेव्हा विचारत जा. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर ते सर्व मोठ्या मनाने पोटात घालावं, अशी विनंती करते. कुलुपाबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.

आणि बाई, फोन शक्यतो वर्ग सुटल्यावर करा. वर्गाच्या वेळेत केलात, तर मला तुम्हाला बाई म्हणावं लागेल.